रेषेच्या आतला रंग : ॲनिमेशनमधील रंगकामाची शंभर वर्षे

१/
ॲनिमेशनचे कोणतेही आधुनिक सॉफ्टवेअर उघडा. पात्राची रेषा एका लेयरवर असते, रंग तिच्या खालच्या लेयरवर आणि पार्श्वभूमी सर्वांत तळाशी. रंगाच्या बादलीचे चिन्ह निवडून बंद आकारात एकदा क्लिक केले की क्षणात सदरा लाल होतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणी तरी शोधली असेल असे वाटतही नाही. प्रत्यक्षात या एका क्लिकमागे एक पेटंट, एक ज्वालाग्राही पदार्थ, शेकडो स्त्रियांचे श्रम आणि संगणकशास्त्रातील काही मूलभूत शोध आहेत. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/
आरंभ १९१४ पासून करू. त्या वर्षी अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी ‘गर्टी द डायनोसॉर’ हा लघुपट सादर केला. गर्टी मान डोलावते, झाड खाते, रडते. पण तिच्यामागचे डोंगर आणि जमीन स्थिर असतात. अडचण अशी, की चित्रे कागदावर होती आणि कागद अपारदर्शक. त्यामुळे गर्टी तसूभर हलली तरी संपूर्ण पार्श्वभूमी नव्या कागदावर पुन्हा काढावी लागे. जॉन फिट्झसिमन्स हा तरुण साहाय्यक तेच डोंगर, तीच जमीन हजारो कागदांवर गिरवत राहिला. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या वस्तू वेगळ्या करण्याचा मार्ग अजून रुळला नव्हता.

३/
तो मार्ग अर्ल हर्ड यांनी दाखवला. डिसेंबर १९१४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१५ मध्ये ते मंजूर झाले. कल्पना साधी होती : पार्श्वभूमी एकदाच कागदावर काढावी आणि हलणारे पात्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर काढून तिच्यावर ठेवावे. पात्र हलले की केवळ पत्रा बदलायचा. जॉन रँडॉल्फ ब्रे या निर्मात्याकडे याच क्षेत्रातील इतर पेटंटे होती. दोघांनी ती एकत्र करून कंपनी काढली आणि १९३२ मध्ये पेटंटांची मुदत संपेपर्यंत इतर स्टुडिओंकडून परवान्याचे शुल्क घेतले.

४/
या पारदर्शक पत्र्याला ‘सेल’ हे लघुनाव मिळाले. आज सॉफ्टवेअरमध्ये ज्याला लेयर म्हणतात, त्याचा हा पूर्वज. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनणारे हे सेल्युलॉइड भयंकर ज्वालाग्राही असे. पुढे त्याची जागा तुलनेने सुरक्षित अशा सेल्युलोज ॲसिटेटने घेतली. पत्रा महाग असल्याने अनेक स्टुडिओ चित्रीकरण झाले की तो धुऊन पुन्हा वापरत. सुरुवातीच्या काळातील असंख्य रंगवलेली चित्रे अशा रीतीने पाण्याबरोबर वाहून गेली. आज संग्राहक ज्या सेलसाठी मोठ्या रकमा मोजतात, ते त्या काळी एक वापरून झालेले साहित्य होते.

५/
सेल रंगवण्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. ॲनिमेटर पेन्सिलीने कागदावर चित्र काढी. कागदाला ठरावीक छिद्रे असत आणि ती टेबलावरच्या खुंट्यांत, म्हणजे ‘पेग’मध्ये, बसवली जात, त्यामुळे प्रत्येक चित्र नेमके आधीच्या चित्रावर येई. मग त्या कागदावर सेल ठेवून शाईने रेषा गिरवली जाई. शाई वाळली की सेल उलटा करायचा आणि मागच्या बाजूने रंग भरायचा. समोरून पाहताना रेषा वर दिसे, रंग तिच्या खाली.

६/
मागून रंगवण्याचे कारण व्यावहारिक होते. रंग रेषेखाली थोडा सरकला तरी समोरून ते दिसत नसे; रेषा स्वच्छ राही आणि कुंचल्याचे फटकारेही लपत. आजच्या चित्रकाराला पहिल्याच दिवशी शिकवले जाते, की रेषेचा लेयर वर ठेवा, रंगाचा खाली, आणि रंग रेषेच्या मध्यापर्यंत आत जाऊ द्या. नाही तर कडेला पांढरी फट दिसते. हा नियम मॉनिटरच्या जन्मापूर्वीचा आहे. तो सेलच्या दोन बाजूंतून आला.

७/
हे काम कुणी केले? हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये ‘इंक अँड पेंट’ हा स्वतंत्र विभाग असे आणि तो जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांचा होता. सुती हातमोजे घातलेल्या तरुणी टेबलांच्या रांगांमध्ये बसून रेषा गिरवत आणि रंग भरत. ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. सुमारे ८३ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे जवळपास १ लाख २० हजार फ्रेम. अनेक फ्रेमसाठी एकाहून अधिक सेल लागत. ते सारे हातांनी रंगवलेले होते.

८/
या श्रमाचे मोल काय ठरले? तीसच्या दशकाच्या अखेरीस नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणींना डिस्ने स्टुडिओकडून छापील नमुन्याचे उत्तर जाई. त्याचा आशय असा, की पडद्यासाठी व्यंगचित्रे तयार करण्याचे सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. मुलींसाठी रेषा गिरवणे आणि सूचनेनुसार रंग भरणे एवढेच काम आहे. पगारही आघाडीच्या ॲनिमेटरच्या तुलनेत अत्यल्प. ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत इंक अँड पेंट विभागातील स्त्रियांची नावे आली नाहीत. १९४१ मध्ये डिस्नेत गाजलेला संप झाला, तेव्हा संपकऱ्यांत या विभागातील स्त्रियाही होत्या.

९/
आणि तरीही त्या कामात किती कौशल्य होते, याची साक्ष स्नो व्हाइटचे गाल देतात. तिच्या गालांवरची लाली सपाट ठिपक्यासारखी दिसली असती, तर ती कठपुतळी वाटली असती. म्हणून सेलवर रंगाची हलकी, विरत जाणारी छटा हाताने दिली गेली. दर फ्रेमला तीच जागा, तोच आकार, तेवढीच गडदता. चेहरा वळला तर लालीही त्याच प्रमाणात वळली पाहिजे. जरा चूक झाली तर पडद्यावर गाल लुकलुकू लागतील. या कामाच्या संदर्भात हेलन ऑगर या कलावतीचे नाव विशेषत्वाने घेतले जाते. ‘सूचनेनुसार रंग भरणे’ या शब्दांत हे बसत नाही.

१०/
कौशल्याचे आणखी एक उदाहरण थरांच्या भौतिकशास्त्राशी संबंधित आहे. सेल पारदर्शक असला तरी पूर्णपणे निर्मळ नसे. प्रत्येक पत्रा थोडा प्रकाश शोषून घेई आणि खालचे रंग किंचित मळकट करी. त्यामुळे एकावर एक फार तर चार-पाच सेल ठेवता येत. एकाच पात्राचा निळा कोट तिसऱ्या थरावर असेल तर त्यासाठी जरा उजळ निळा मिसळावा लागे, वरच्या थरावर असेल तर वेगळा. दृश्याच्या मध्येच थरांची संख्या बदलली तर रंग उडी मारतो. म्हणून रिकामे सेल ठेवून संख्या कायम राखत. हे सगळे हिशेब रंग मिसळणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि वहीत असत.

११/
पन्नाशीच्या दशकात हा डोलारा खर्चाखाली वाकू लागला. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मध्ये शाईकाम पराकोटीला पोहोचले होते : केसांची रेषा केसांच्या रंगाची, कपड्यांची कपड्यांच्या. चित्रपटावर सुमारे ६० लाख डॉलर खर्च झाले आणि पहिल्या प्रदर्शनात ते वसूल झाले नाहीत. मिकी माऊसच्या घडणीतला डिस्नेचा जुना सहकारी अब आयवर्क्स तोवर स्टुडिओचा तंत्रज्ञ झाला होता. त्याने झेरॉक्सच्या यंत्रणेत बदल करून ॲनिमेटरची पेन्सिल-रेषा थेट सेलवर छापण्याची सोय केली. रेषा गिरवणाऱ्या हाताची गरजच उरली नाही.

१२/
१९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डॅल्मेशन्स’ हा या तंत्राने घडलेला डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ठिपक्यांच्या कुत्र्यांची एवढी फौज हाताने शाईत उतरवणे परवडलेच नसते. मात्र यंत्राची रेषा काळी, खरखरीत आणि एकसुरी होती. वॉल्ट डिस्ने यांना ते रूप रुचले नाही. १९७७ च्या ‘द रेस्क्यूअर्स’पर्यंत राखाडी रेषा छापता येऊ लागली, तरी रंगाशी एकजीव होणारी हातची रेषा परतली नाही. रेषा गिरवणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे काम संपले. रंगवणाऱ्या राहिल्या, कारण यंत्राला अजून रंग भरता येत नव्हता.

१३/
दुसरीकडे टेलिव्हिजनने थरांचा वेगळाच उपयोग केला. १९५७ साली स्थापन झालेल्या हॅना-बार्बेरा स्टुडिओला चित्रपटाच्या तुलनेत नगण्य पैशांत मालिका बनवायच्या होत्या. उपाय असा : पात्राचे धड एका सेलवर स्थिर ठेवायचे आणि डोके किंवा तोंड तेवढे दुसऱ्या सेलवर हलवायचे. योगी बेअर या अस्वलाच्या अंगात सदरा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे, त्याचे कारण हेच. डोक्याचा सेल आणि धडाचा सेल जिथे मिळतात, तो सांधा कॉलरखाली झाकला जाई. आज पात्राचे हात, पाय, मान वेगवेगळ्या लेयरवर ठेवून त्याला बाहुलीसारखे हलवतात, ती पद्धत याच काटकसरीतून वाढली.

१४/
काटकसरीची पुढची पायरी म्हणजे काम परदेशी पाठवणे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मालिकांचे शाईकाम आणि रंगकाम तैवानसारख्या आशियाई ठिकाणी जाऊ लागले. याविरोधात लॉस एंजेलिसच्या ॲनिमेशन कामगारांनी १९७९ आणि १९८२ मध्ये संप केले. याच सुमारास प्रयोगशाळांमध्ये एक प्रश्न विचारला जात होता : जे काम दूरवरच्या स्वस्त हातांकडे पाठवायचे, ते यंत्राकडे का सोपवू नये? त्यासाठी यंत्राला एकच गोष्ट शिकवायची होती, ती म्हणजे रेषेच्या आत रंग भरणे.

१५/
ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट यंत्रासाठी फार कठीण होती. संगणकाला ‘सदरा’ दिसत नाही. त्याला ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, जाळी दिसते. १९७३ मध्ये रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘सुपरपेंट’ ही प्रणाली कार्यान्वित केली आणि पडद्यावर थेट रंगवता येऊ लागले. रंग भरण्याची मूळ युक्ती पुराच्या पाण्यासारखी आहे. एका पिक्सेलपासून सुरुवात करायची, शेजारच्या प्रत्येक पिक्सेलला विचारायचे, ‘तू रेषा आहेस का?’ नसेल तर त्याला रंगवायचे आणि पुढे सरकायचे. रेषा लागली की पाणी थांबते.

१६/
पण बांधाला भगदाड असेल तर? ॲनिमेटरची पेन्सिल-रेषा क्वचितच पूर्ण बंद असते. कोपर आणि बाही यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. रंगवणाऱ्या स्त्रीला ती फट जाणवतही नसे. बाही कुठे संपते हे तिला ठाऊक होते. यंत्राचा रंग मात्र त्या फटीतून निसटून अख्खा पडदा लाल करून टाकी. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फट बुजवा’ या अर्थाचा एक पर्याय असतो आणि त्यात किती पिक्सेलपर्यंतची फट दुर्लक्षित करायची याचा आकडा भरतात. माणसाच्या नजरेला उपजत असलेली समज यंत्राला अशी आकड्यात सांगावी लागते.

१७/
दुसरी अडचण रेषेच्या कडांची. स्कॅन केलेली पेन्सिल-रेषा निव्वळ काळी नसते. तिच्या कडेला राखाडीच्या अनेक छटा असतात आणि त्यांच्यामुळेच ती मऊ दिसते. रंग या राखाडी कडेशी थांबला, तर रेषा आणि रंग यांच्यामध्ये पांढुरकी किनार उरते. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७९ मध्ये ‘टिंट फिल’ ही पद्धत मांडली. तिच्यात रंग राखाडी कडेच्या आत शिरतो, पण तिची गडद-फिकी प्रत कायम ठेवतो. सेलच्या मागून रंग रेषेखाली सरकवण्याची जुनी युक्ती गणिताच्या भाषेत आली, असे म्हणता येईल.

१८/
तिसरा प्रश्न पारदर्शकतेचा. डिजिटल चित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. पण सेल कुठे पारदर्शक आहे, हे त्यांतून कळत नाही. त्याच प्रयोगशाळेत एड कॅटमुल आणि स्मिथ यांनी चौथा आकडा जोडला : तो पिक्सेल किती अपारदर्शक आहे, हे सांगणारा. यालाच ‘अल्फा चॅनेल’ म्हणतात. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर रचण्याचे नेमके बीजगणित प्रसिद्ध केले. या चौघांना १९९६ मध्ये ऑस्करच्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. डिजिटल लेयर प्रकाश शोषत नाही. चार-पाच थरांची जुनी मर्यादा इथे संपली.

१९/
प्रत्यक्ष उद्योगात हे तंत्र प्रथम उतरवणाऱ्यांत मार्क लेव्हॉय यांचे नाव येते. कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी असताना त्यांनी थरांवर आधारित रंगीत ॲनिमेशन प्रणालीवर काम केले आणि १९७७ मध्ये त्याविषयी शोधनिबंध सादर केला. या कामातून विकसित झालेली प्रणाली हॅना-बार्बेराने १९८४ पासून १९९६ पर्यंत वापरली. योगीच्या कॉलरखाली सांधा झाकणारा स्टुडिओच संगणकीय रंगकामाच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक ठरला, यात आश्चर्य नाही. प्रत्येक सेलमागचा खर्च मोजण्याची सवय त्याला पहिल्यापासून होती.

२०/
चित्रपटसृष्टीतील निर्णायक पाऊल डिस्नेने उचलले. कॅटमुल आणि स्मिथ न्यूयॉर्कहून लुकासफिल्ममध्ये गेले आणि त्यांच्या विभागातून १९८६ मध्ये ‘पिक्सार’ ही कंपनी जन्मली. त्याच वर्षी डिस्ने आणि पिक्सार यांच्यात नव्या निर्मितीप्रणालीचा करार झाला. तिचे नाव ‘कॅप्स’. ॲनिमेटर पूर्वीसारखेच कागदावर पेन्सिलीने काढत. चित्र स्कॅन होई, रंग संगणकावर भरला जाई आणि थरही संगणकातच रचले जात. १९८९ च्या ‘द लिटिल मर्मेड’मध्ये शेवटचे इंद्रधनुष्याचे दृश्य या पद्धतीने घडवले, उरलेला चित्रपट सेलवर रंगवला होता. १९९० च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’मध्ये रंगवलेला सेल नव्हताच.

२१/
कॅप्सच्या निर्मात्यांना १९९२ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. या प्रणालीने झेरॉक्सने हिरावलेली एक गोष्ट परत दिली : रेषेला पुन्हा हवा तो रंग देता येऊ लागला. विरत जाणाऱ्या छटाही सुलभ झाल्या. १९३७ मध्ये गालांवर हाताने दिलेली लाली आता प्रत्येक फ्रेममध्ये देणे शक्य झाले. रंगवणाऱ्यांपैकी काही जणी माउस आणि मॉनिटर शिकून त्याच विभागात राहिल्या. सेल, बाटलीतले रंग आणि ते मिसळण्याचे शास्त्र मात्र चित्रपटनिर्मितीतून बाहेर पडले. सौंदर्य परत आले, पण ज्या हातांनी ते प्रथम घडवले त्यांचा व्यवसाय परतला नाही.

२२/
जपानमध्ये हे स्थित्यंतर अधिक सावकाश झाले. स्टुडिओ घिबलीच्या रंगरचनाकार मिचियो यासुदा (१९३९-२०१६) या हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांच्या तोएई स्टुडिओपासूनच्या सहकारी. त्यांचे काम रंग ठरवण्याचे होते : सकाळच्या उन्हात हाच सदरा कसा दिसेल, पावसात कसा? १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या काही भागांत घिबलीने रोमच्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचे ‘टून्झ’ हे सॉफ्टवेअर वापरले. १९९९ चा ‘माय नेबर्स द यामादास’ हा घिबलीचा पहिला संपूर्ण डिजिटल चित्रपट. याउलट ‘साझाए-सान’ ही टीव्ही मालिका तब्बल २०१३ पर्यंत सेलवरच बनत राहिली.

२३/
टून्झची रचना पाहिली, की जुना सेल आत कसा जिवंत आहे ते कळते. त्याच्या खास चित्रप्रकारात पिक्सेल प्रत्यक्ष रंग साठवत नाही. तो तीन गोष्टी साठवतो : रेषेच्या रंगाचा क्रमांक, भरलेल्या रंगाचा क्रमांक आणि दोहोंतील मिश्रणाचे प्रमाण. म्हणजे शाई आणि रंग एकाच पिक्सेलमध्येही वेगळेच राहतात. क्रमांक कोणत्या रंगाचा, हे पॅलेट ठरवते. पॅलेटमध्ये ‘सदरा’ लालऐवजी निळा केला, की त्या पॅलेटवरची सगळी चित्रे एकदम बदलतात. पूर्वी पात्राच्या नमुनाचित्रावर प्रत्येक अवयवासमोर रंगाचा क्रमांक लिहून तो कागद रंगवणाऱ्यांना दिला जाई. पॅलेट म्हणजे तोच कागद.

२४/
या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये भारतीय कलावंतांना शिकवण्यासाठी क्लेअर वीक्स आले. ते डिस्नेचे ॲनिमेटर होते आणि त्यांचा जन्म भारतातला. या प्रशिक्षणातून ‘द बॅनियन डिअर’ (१९५७) हा लघुपट घडला आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर पुढे आले. पुढे राम मोहन युगो साको यांच्या ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ (१९९२) या भारत-जपान सहनिर्मितीचे एक दिग्दर्शक होते. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय चित्रपटगृहांत पुन्हा झळकलेल्या या चित्रपटातील रंग सेलवर हाताने भरलेले आहेत.

२५/
रामायणाचे सेल रंगवले जात होते, तेव्हा डिस्नेने सेल सोडून दोनेक वर्षे झाली होती. नव्वदीच्या अखेरीस परदेशी मालिकांचे रंगकाम भारतातील स्टुडिओंकडे येऊ लागले, तेव्हा ते संगणकावरचे होते. ‘डिजिटल इंक अँड पेंट’ हे अनेक भारतीय तरुण-तरुणींचे या उद्योगातील पहिले पद ठरले. नाव जुन्याच विभागाचे आणि कामही तेच : सूचनेनुसार, पॅलेटप्रमाणे, चित्रामागून चित्र रंगवत जाणे. कॅलिफोर्नियातून तैवानमार्गे आशियात पसरलेला हा श्रम यंत्र आल्यावरही पुष्कळसा स्वस्त हातांच्याच वाट्याला आला.

२६/
मार्च २०१६ मध्ये जपानच्या द्वांगो कंपनीने टून्झची ‘ओपनटून्झ’ ही आवृत्ती मुक्त स्रोत म्हणून सर्वांना विनामूल्य खुली केली. घिबलीच्या गरजांनुसार त्यात झालेल्या सुधारणाही तिच्यात आहेत. कुठलाही विद्यार्थी आज ती घरच्या संगणकावर वापरू शकतो. तिच्यातील शब्द मात्र लक्षपूर्वक वाचावेत. चित्रांच्या मालिकेला ‘लेव्हल’ म्हणतात, म्हणजे सेलचा थर. वेळापत्रकाला ‘एक्सशीट’, म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणता सेल ठेवायचा हे कॅमेरामनला सांगणारा कागदी तक्ता. चित्र सरकवण्याच्या साधनाला ‘पेग’, म्हणजे टेबलावरची ती खुंटी. आणि रंगांच्या दोन जाती : ‘इंक’ आणि ‘पेंट’.

२७/
शाई नाही, सेल नाही, खुंटीही नाही. पण एका संपलेल्या व्यवसायाची सारी परिभाषा पडद्यावर शाबूत आहे. ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्या विभागाचे नाव आज जगभरच्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे. अलीकडच्या काळात संशोधकांनी स्टुडिओंची दप्तरे आणि कुटुंबांकडची छायाचित्रे धुंडाळून या स्त्रियांपैकी अनेकींची नावे उजेडात आणली आहेत. ‘स्नो व्हाइट’ पुन्हा पाहण्याचा योग आला, तर एकदा केवळ तिच्या गालांकडे पाहावे. चेहरा वळतो, मान झुकते, आणि लाली जागची हलत नाही.

(थ्रेड समाप्त)
#इतिहास #ॲनिमेशन #मराठी